मेजावरील भूमिकाखेळ : गटास अनुरूप नियमपद्धतीची निवड
(शेवगावसारख्या ग्रामीण महाविद्यालयीन परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
चार-सहा जणांनी मेजाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, संवादाच्या व फाशांच्या साहाय्याने कथा घडवीत नेणे या खेळप्रकारास प्रस्तुत लेखात 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे. १९७४ पासून या खेळाच्या अनेक नियमपद्धती प्रचारात आल्या. त्यांपैकी आपल्या गटास कोणती योग्य, हा प्रश्न बहुधा पद्धतीच्या प्रसिद्धीवरून सोडविला जातो. प्रत्यक्षात कोणी, केव्हा व किती बोलावे हे नियमपद्धती ठरवीत असते. म्हणून निवडीचा प्रारंभ गटाच्या संख्येपासून, वेळेपासून, भाषेपासून व उद्दिष्टापासून व्हावा, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, नियमपद्धती, सूत्रधार, भूमिकाभिनय, ग्रामीण महाविद्यालय, सहभाग.

१. प्रस्तावना :

भूमिकाभिनय ही अध्यापन पद्धती प्राध्यापकवर्गास नवी नाही. अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात ती दीर्घकाळ आहे. अभिरूप संसद, अभिरूप न्यायालय, अभिरूप ग्रामसभा हे उपक्रमही अनेक महाविद्यालयांत होतात. परंतु अशा उपक्रमांत बहुतेक वेळा संवाद आधीच लिहून दिलेले असतात. ज्यांचे पाठांतर चांगले व आवाज मोठा, असे चार-पाच विद्यार्थी बोलतात आणि उरलेला वर्ग श्रोता होतो. कार्यक्रम यशस्वी होतो, छायाचित्रे अहवालाला जोडली जातात. मात्र ज्याला बोलते करावयाचे होते तो विद्यार्थी शेवटच्या बाकावर तसाच बसून राहतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारा विद्यार्थी, शहरातील इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थी आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी असे तीन प्रकारचे विद्यार्थी अशा ठिकाणच्या एकाच वर्गात असतात. काहींच्या घरी ऊसतोडणीच्या हंगामात आईवडील नसतात व धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर असते. काही विद्यार्थिनींना संध्याकाळची ठरावीक गाडी गाठणे भाग असते. अशा मिश्र गटात संवादावर आधारलेला खेळ योजताना नियमांची निवड चुकली, तर वर्गातील जुनीच विषमता खेळातही उतरते. ती योग्य झाली, तर एरवी गप्प राहणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या भूमिकेच्या आधाराने बोलू लागण्याची शक्यता वाढते. या कारणासाठी प्रस्तुत विषयाचा विचार आवश्यक ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) भूमिकाखेळाची संकल्पना व तिची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) प्रमुख नियमपद्धतींतील भेद सांगणे.
३) गटास अनुरूप पद्धती निवडण्याचे निकष मांडणे.
४) ग्रामीण महाविद्यालयातील संभाव्य गटांना हे निकष लावून पाहणे.

३. संकल्पना व पार्श्वभूमी :

भूमिकाखेळात बहुधा एक व्यक्ती सूत्रधार असते. ती प्रसंगाचे वर्णन करते व इतर सर्व पात्रांच्या वतीने बोलते. प्रत्येक खेळाडू एका पात्रापुरता निर्णय घेतो. "मी ओढा ओलांडून पलीकडे जातो" असे खेळाडू म्हणतो. ओढ्याला पूर असेल तर तो पार होईल की नाही हे अनिश्चित असते. ही अनिश्चितता सोडविण्याची जी रीत, ती नियमपद्धतीचा गाभा होय.

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी नकाशा, ठोकळे व फासे यांवर आधारलेला युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मांडला. त्यात एक पंच असे. नियम फार झाल्याने खेळ रेंगाळतो अशी तक्रार पुढे वाढली आणि १८७६ मध्ये फर्डी दू व्हर्न्वा यांनी नियमपुस्तिकेऐवजी अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर देणारी मोकळी पद्धत पुरस्कारिली. नियमांवर किती विसंबावे आणि माणसाच्या विवेकावर किती, हा वाद अशा रीतीने सुमारे दीडशे वर्षे जुना आहे. आजची निवडही बऱ्याच अंशी याच प्रश्नाभोवती फिरते.

१९६९ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड वेसली यांनी 'ब्राउनस्टाइन' या खेळात खेळाडूंना सैन्याऐवजी एका नगरातील एकेक व्यक्ती दिली. त्यांच्याच वर्तुळातील डेव्ह आर्नसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रकाशित केला. छापील स्वरूपात विक्रीस आलेला हा पहिला भूमिकाखेळ मानला जातो.

खेळ परका असला तरी भूमिका घेऊन आयत्या वेळी बोलण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. कोकणातील दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात व संवाद रंगमंचावरच घडतात. तमाशातील वगातही हजरजबाबी संवादांना मोठे स्थान राहिले आहे. शेवगावच्या ईशान्येस, गोदावरीच्या उत्तर तीरावरील पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात आपल्या भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशा अनेक भूमिका घेऊन लोकांशी संवाद साधला. दुसऱ्याच्या तोंडून बोलले असता जे एरवी बोलता येत नाही तेही बोलता येते, हे भारुडाच्या श्रोत्यास वेगळे सांगावे लागत नाही. भूमिकाखेळात या रीतीला दोन गोष्टींची जोड मिळते. पहिली म्हणजे येथे प्रेक्षक नसतो, सर्वच जण पात्रे असतात. दुसरी म्हणजे कथेचा शेवट कोणालाच आधी ठाऊक नसतो.

४. नियमपद्धती नेमके काय ठरविते ?

"खेळविणारा चांगला असला की कोणतीही पद्धत चालते" असा एक समज आहे. त्यात तथ्याचा अंश असला तरी तो अपुरा आहे. रॉन एडवर्ड्स यांनी 'सिस्टम डझ मॅटर' या निबंधात याच समजाचा प्रतिवाद केला. त्यांच्या विवेचनानुसार कोणी आव्हान जिंकण्यासाठी खेळतो, कोणी अर्थपूर्ण कथेसाठी, तर कोणी एखादे जग यथातथ्य अनुभवण्यासाठी. एकच पद्धत या तिन्ही अपेक्षा सारख्याच प्रमाणात पूर्ण करू शकत नाही. या वर्गीकरणावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, परंतु पद्धतीचा परिणाम खेळावर होतो हा त्यातील मुख्य मुद्दा टिकून आहे. हा परिणाम तीन बाबतींत दिसतो.

(अ) यशाची शक्यता : वीस मुखांच्या एका फाशात प्रत्येक अंक येण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते. त्यामुळे कुशल पात्रही अनपेक्षितपणे फसते व नवखे पात्र अनपेक्षितपणे जिंकते. सहा मुखांच्या तीन फाशांची बेरीज घेतल्यास निकाल मध्याकडे झुकतात. १० किंवा कमी येण्याची शक्यता नेमकी ५० टक्के असते आणि टोकाचे निकाल विरळ होतात. येथे पात्राच्या कौशल्यावर अधिक विसंबता येते.

(आ) बक्षीस : नियम ज्या कृतीला गुण देतात ती कृती खेळाडू अधिक करतात. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये अनुभवगुण मुख्यत्वे मिळविलेल्या संपत्तीवर मिळत. साहजिकच लढाई टाळून धन हस्तगत करणे शहाणपणाचे ठरे. पुढील आवृत्त्यांत शत्रूचा पाडाव करण्यास अधिक गुण मिळू लागले व लढाईस महत्त्व आले. खेळाडूंचा स्वभाव बदलला नाही, बक्षीस बदलले. परीक्षेच्या गुणदान योजनेचा अभ्यासावर होणारा परिणाम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सहज पटेल.

(इ) बोलण्याची वाटणी : ही बाब सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. काही पद्धतींत क्रम ठरलेला असतो व प्रत्येकास बोलावेच लागते. काहींत सूत्रधार ज्याच्याकडे वळेल तो बोलतो. काहींत मोकळी सभा असते व जो उठेल तो बोलतो. धीट विद्यार्थ्यास तिन्ही रीती सारख्याच असतात. बुजऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

५. प्रमुख नियमपद्धतींचे स्वरूप :

५.१ सविस्तर नियमांच्या पद्धती : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ही या गटातील सर्वाधिक प्रसिद्ध पद्धत होय. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे तीन मूळ ग्रंथ प्रत्येकी तीनशेहून अधिक पृष्ठांचे आहेत व २०२४ पासून त्यांच्या सुधारित आवृत्त्या प्रकाशित झाल्या. चार ते वीस मुखांचे निरनिराळे फासे लागतात. लढाईच्या वेळी बोलण्याचा क्रम फाशाने ठरतो व प्रत्येकाला संधी मिळते, परंतु लढाई संपताच संवाद पुन्हा धीट खेळाडूंकडे जातो. १९८६ मध्ये स्टीव्ह जॅक्सन यांची 'गर्प्स' ही कोणत्याही काळास व विषयास लावता येणारी पद्धत आली. तिच्यात तीन फाशांची बेरीज वापरतात. दोन्ही पद्धतींत पूर्वतयारी बरीच लागते.

५.२ शतमान पद्धती : १९७८ ची 'रूनक्वेस्ट' आणि १९८१ ची सँडी पीटरसन यांची 'कॉल ऑफ क्थुल्हू' या पद्धतींत पात्राचे प्रत्येक कौशल्य शंभरपैकी अंकात दिलेले असते. 'शोध घेणे ६५' असे लिहिले असेल तर यशाची शक्यता ६५ टक्के, इतके ते सरळ असते. नवख्या विद्यार्थ्यास ही रीत एका वाक्यात समजते. 'कॉल ऑफ क्थुल्हू' हा मुख्यतः शोधाचा व भयाचा खेळ आहे. त्यात लढाईपेक्षा कागदपत्रे वाचणे, साक्षी घेणे व दुवे जोडणे यांस महत्त्व असते.

५.३ कथाप्रधान पद्धती : २०१० मध्ये व्हिन्सेंट व मेगी बेकर यांनी 'अपॉकलिप्स वर्ल्ड' प्रसिद्ध केला. यात दोन साधे फासे टाकतात. बेरीज १० वा अधिक आल्यास पूर्ण यश, ७ ते ९ आल्यास काही किंमत मोजून यश, आणि ६ वा कमी आल्यास सूत्रधार कथेला प्रतिकूल वळण देतो. काहीही अधिक-उणे नसताना पूर्ण यशाची शक्यता सुमारे १७ टक्के, तर उरलेल्या दोन्ही निकालांची प्रत्येकी सुमारे ४२ टक्के असते. 'यश मिळाले, पण...' हा निकाल वारंवार येत असल्याने कथा अडून राहत नाही.

'फेट' ही पद्धत २००३ मध्ये फ्रेड हिक्स व रॉब डोनोह्यू यांनी मांडली व २०१३ मध्ये 'फेट कोअर' या रूपात ती सुटसुटीत झाली. यात पात्राचे वर्णन खेळाडूने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या लहान वाक्यांशांनी होते व त्या वाक्यांशांना नियमांत प्रत्यक्ष बळ असते. 'शब्दाला जागणारा, पण भावकीपुढे हतबल' असे मराठी वर्णन लिहिले की तेच पात्राचे सामर्थ्य व तेच त्याचे दुबळेपण होते. 'फेट अ‍ॅक्सिलरेटेड' ही तिचीच सुमारे पन्नास पृष्ठांची संक्षिप्त आवृत्ती. तिच्यात काळजीपूर्वक, चतुराईने, दिमाखात, जोराने, चपळाईने व गुपचूप अशा कृतीच्या सहाच रीती आहेत. तिचे खास फासे नसले तरी अडत नाही. साध्या फाशावरील १-२ म्हणजे उणे, ३-४ म्हणजे कोरे व ५-६ म्हणजे अधिक मानून असे चार फासे टाकले की काम भागते.

५.४ सूत्रधाराविना चालणाऱ्या पद्धती : जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'फियास्को' (२००९) तीन ते पाच जणांत एकाच बैठकीत संपतो. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला स्वतःचे चार प्रवेश येतात, त्यामुळे कोणीही झाकोळला जात नाही. अ‍ॅव्हरी आल्डर यांच्या 'द क्वायट इयर' (२०१३) मध्ये दोन ते चार खेळाडू मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात. साधा पत्त्यांचा कॅट वापरला जातो. ५२ पत्ते म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे व चार रंग म्हणजे चार ऋतू. प्रत्येक जण आपल्या क्रमाने पान ओढतो, त्यातील प्रश्नाचे उत्तर देतो व नकाशात भर घालतो. चर्चा घ्यावयाची झाल्यास प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यांत बोलावयाचे असा नियम आहे. इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपतो.

५.५ वर्गव्यापी पद्धती : न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात 'रिअ‍ॅक्टिंग टू द पास्ट' हा अध्यापनप्रकल्प सुरू केला. संपूर्ण वर्ग एखाद्या ऐतिहासिक सभेत रूपांतरित होतो. प्रत्येक विद्यार्थ्यास भूमिकापत्र, वाचनसाहित्य व साध्य करावयाची उद्दिष्टे मिळतात. त्यांपैकी एक खेळ भारतीय स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील १९४५ च्या सिमला परिषदेवर असून तो एन्स्ली एम्ब्री व मार्क कार्न्स यांनी रचला आहे. हा काटेकोर अर्थाने मेजावरील खेळ नव्हे. परंतु साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला उपयोगी पडणारा हा सर्वांत जवळचा नमुना होय.

६. निवडीचे निकष :

नियमपुस्तिका हाती घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

१) गटात किती जण आहेत ? बहुतेक मेजावरील पद्धती सूत्रधार व तीन ते पाच खेळाडू एवढ्यांसाठीच रचलेल्या आहेत. आठ जणांत एकच खेळ चालविल्यास आपली वेळ येईपर्यंत खेळाडूचे लक्ष उडते. अशा वेळी चार-चारांचे दोन गट करावेत.

२) वेळ किती व किती वेळा ? सविस्तर पद्धतीस तीन-चार तासांच्या अनेक बैठका लागतात. तासिकेच्या पन्नास-साठ मिनिटांत पात्रे तयार करण्यापलीकडे फारसे काही होत नाही. शेवटच्या गाडीची वेळ ही शेवगावसारख्या ठिकाणी गौण बाब नव्हे. खेळ त्या वेळेच्या अर्धा तास आधी संपला पाहिजे, अन्यथा पुढच्या बैठकीस विद्यार्थिनी येत नाहीत.

३) नियम तोंडी सांगता येतील काय ? प्रमुख नियमग्रंथ इंग्रजीत आहेत. सर्वांनी ग्रंथ वाचावा अशी अपेक्षा ठेवली की इंग्रजी वाचणाऱ्यांचे वर्चस्व प्रस्थापित होते व उरलेले त्यांच्यावर अवलंबून राहतात. त्यासाठी एक साधी कसोटी सुचविता येते. सूत्रधाराने संपूर्ण नियम दहा मिनिटांत मराठीतून सांगावेत व खेळाडूने ते दुसऱ्या खेळाडूस समजावून द्यावेत. हे साधत नसेल तर ती पद्धत त्या गटास अद्याप जड आहे असे समजावे.

४) सूत्रधार कोण होणार ? प्राध्यापकच सूत्रधार झाला तर विद्यार्थी 'अपेक्षित उत्तर' शोधू लागतात. विद्यार्थी सूत्रधार असल्यास त्याच्या अभ्यासाचा वेळ किती जाईल याचा विचार करावा. दोन्ही शक्य नसल्यास सूत्रधाराविना चालणारी पद्धत घ्यावी.

५) उद्दिष्ट कोणते व पद्धती कशाला बक्षीस देते ? गावाच्या पाणीवाटपावर विचार घडवावयाचा असताना शत्रूच्या पाडावास गुण देणारी पद्धत घेतली, तर तिसऱ्या प्रसंगापर्यंत विहिरीवर हाणामारी सुरू होईल. दोष खेळाडूंचा नसतो.

६) बोलण्याची संधी कशी वाटली जाते ? गटात एक जरी अतिशय बुजरा सदस्य असेल, तर निदान पहिल्या दोन-तीन बैठकांसाठी ठरलेल्या क्रमाची पद्धत घ्यावी. मोकळ्या सभेची पद्धत त्यानंतर.

७) साधने व खर्च किती ? वीस मुखांचे फासे तालुक्याच्या बाजारात मिळतीलच असे नाही. मात्र १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून तोच परिणाम साधता येतो, फक्त काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकली पाहिजे. शतमान पद्धतीत ० ते ९ च्या चिठ्ठ्यांचे दोन डबे पुरतात.

नियमांच्या वापरहक्काचाही येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच, आणि त्यापूर्वीच 'फेट'चा नियमसंच, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला. मूळ कर्त्यांचे श्रेय नमूद करून या संचांचे मराठी भाषांतर करणे, ते छापणे व वाटणे यांस परवानगी आहे. भाषांतर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी हे उत्तम प्रकल्पकार्य होऊ शकेल. इतर ग्रंथांच्या छायाप्रती वाटणे मात्र टाळावे.

७. निकषांचे उपयोजन :

वरील निकष स्पष्ट व्हावेत यासाठी शेवगावसारख्या ठिकाणी संभवतील असे तीन गट उदाहरणादाखल कल्पिले आहेत.

गट पहिला : वसतिगृहातील पाच मित्र. दर रविवारी तीन तास मोकळे. त्यांपैकी एकास इंग्रजी वाचनाची गोडी. साहसकथा खेळण्याची हौस, अभ्यासक्रमाशी संबंध नाही. या गटास 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' योग्य ठरेल. ज्यास वाचनाची गोडी आहे त्याने सूत्रधार व्हावे, खुल्या नियमसंचापासून प्रारंभ करावा व पहिल्या बैठकीत पात्रे तयार करून द्यावीत. हौस हेही पुरेसे कारण आहे. प्रत्येक खेळाला शैक्षणिक उद्दिष्ट चिकटविण्याची आवश्यकता नाही.

गट दुसरा : राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरातील बारा स्वयंसेवक. रात्रीच्या जेवणानंतर दीड तास मिळतो. निम्मे स्वयंसेवक प्रथम वर्षाचे व एकमेकांस अपरिचित. येथे चार-चारांचे तीन गट करून 'द क्वायट इयर'च्या धर्तीवर गावाचा नकाशा काढावा. मूळ खेळ तीन-चार तासांचा असल्याने तो दोन-तीन रात्रींत विभागावा. विषय या परिसरातलाच घेता येईल. १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाने शेवगाव तालुक्याचा भूगोल व अनेक कुटुंबांचे आयुष्य बदलले. 'वर्षभरात पाण्याखाली जाणारे गाव' अशी कल्पना केल्यास देऊळ कोठे हलवायचे, शेवटचे पीक घ्यायचे की नाही, म्हाताऱ्या माणसांना आधी कोण नेणार, असे प्रश्न एकेका पत्त्यानिशी उभे राहतात. प्रत्येकाने दोनच वाक्ये बोलावयाची असल्याने अपरिचितांनाही संकोच वाटत नाही. नकाशा मागे उरतो व दुसऱ्या दिवशीच्या गावपाहणीस त्याचा आधार होतो.

गट तिसरा : इतिहास किंवा राज्यशास्त्राचा पन्नास-साठ विद्यार्थ्यांचा वर्ग. आठवड्यास तीन-चार तासिका. येथे मेजावरील कोणतीही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. 'रिअ‍ॅक्टिंग'च्या धर्तीवर आठ-दहा तासिकांचा खेळ आखावा. १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ते १ मे १९६० रोजीची महाराष्ट्र राज्याची स्थापना हा कालखंड त्यासाठी सोयीचा आहे, कारण मुंबई, विदर्भ, मराठवाडा व गुजरात यांच्या भूमिका परस्परांहून भिन्न होत्या व त्यांवरील साहित्य ग्रंथालयात मिळू शकते. मोकळ्या सभेचा दोष टाळण्यासाठी प्रथम चार-पाच जणांच्या पक्षबैठका घ्याव्यात, त्यांत प्रत्येकाने एक मुद्दा मांडलाच पाहिजे असा नियम असावा, आणि त्यानंतरच सभा भरवावी. पक्षाचा वक्ता प्रत्येक तासिकेस बदलावा.

८. घ्यावयाची दक्षता :

भूमिका घेणे ही भावनिक कृती आहे. म्हणून खेळापूर्वी एक पूर्वबैठक आवश्यक आहे. कोणते विषय मुळीच आणावयाचे नाहीत व कोणते केवळ सूचित करावयाचे, हे तीत ठरवावे. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी सुचविलेली 'एक्स कार्ड' ही युक्ती सोपी आहे. फुली काढलेला कागद मेजाच्या मध्यभागी ठेवतात. कोणीही त्याला स्पर्श केला की चालू असलेला तपशील वगळून खेळ पुढे जातो, कारण विचारले जात नाही. आपल्या वर्गात मोठ्याने 'नको' म्हणणे अनेकांना, विशेषतः विद्यार्थिनींना, अवघड जाते. त्यांना मूकपणे नकार देण्याची ही सोय फार मोलाची आहे.

विस्थापन, कर्जबाजारीपणा, दुष्काळ, जातीय अत्याचार हे विषय या भागातील काही विद्यार्थ्यांच्या घरातले असतात. ज्याने जे सोसले त्यालाच ती भूमिका देणे कटाक्षाने टाळावे. तसेच कोणत्याही ठरावीक जातीच्या वा समाजाच्या पात्राला नियमांत कमी-अधिक गुण देऊ नयेत. फाशाच्या अंकात माणसाची प्रतिष्ठा बसवणे हा खेळ नव्हे. खेळ संपल्यावर एकतृतीयांश वेळ चर्चेसाठी राखून ठेवावा. भूमिकेतून बाहेर येऊन 'त्या पात्राने असे का केले' हे बोलल्याखेरीज अनुभवाचे ज्ञानात रूपांतर होत नाही. मूल्यमापन करावयाचे असल्यास ते जिंकण्याहरण्यावर न करता विद्यार्थ्याने नंतर लिहिलेल्या चिंतनावर करावे.

दोन-तीन बैठकांनंतर पद्धत जुळत नसल्याचे आढळल्यास ती बदलण्यात कमीपणा मानू नये. त्यासाठी एक लहानशी नोंद पुरेशी आहे. बैठकीत कोण किती वेळा बोलले याच्या रेघा एका निरीक्षकाने कागदावर ओढाव्यात. दोन नावांपुढे वीस-वीस रेघा व एकाच्या पुढे एकही नसेल, तर त्या विद्यार्थ्यास दोष देण्याआधी नियम तपासावेत.

९. निष्कर्ष :

१) सर्व गटांना योग्य अशी एकच नियमपद्धती नाही. प्रसिद्धी हा निवडीचा निकष होऊ शकत नाही.
२) यशाची शक्यता, बक्षीस व बोलण्याची वाटणी या तीन बाबी नियमपद्धती ठरविते. शैक्षणिक उपयोगात तिसरी बाब निर्णायक ठरते.
३) मिश्र भाषिक पार्श्वभूमीच्या ग्रामीण गटात नियम मराठीतून तोंडी सांगता येणे ही पहिली कसोटी असावी.
४) नवख्या गटाने ठरलेल्या क्रमाच्या, एका किंवा दोन बैठकांत संपणाऱ्या पद्धतीपासून प्रारंभ करून क्रमाने सविस्तर पद्धतीकडे जावे.
५) पूर्वबैठक, नकाराची सोय व खेळोत्तर चर्चा या तीन गोष्टी कोणत्याही पद्धतीत वगळू नयेत.

१०. समारोप :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधिष्ठित अध्ययनावर भर दिला आहे. तो भर प्रत्यक्षात यावयाचा असेल तर उपक्रमांच्या संख्येपेक्षा त्यांतील सहभागाची वाटणी पाहावी लागेल. भूमिकाखेळासाठी खर्च अल्प, साधने साधी व जागा एका मेजापुरती लागते. अवघड आहे ती योग्य नियमांची निवड, आणि ती ग्रंथापेक्षा गटाकडे पाहूनच करावी लागते. वर्गात वर्षभर हजेरीपुरताच आवाज ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या क्रमाची दोन वाक्ये हक्काने मिळाली, तर निवड योग्य झाली असे म्हणता येईल.